वाचलेली जागा

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या बाईंना समोरच्या बापलेकीचं बोलणं ऐकायचं नव्हतं. पण कान काही मिटता येत नाहीत.

“झालं का गं तुझं ते चिपवरचं प्रकाशाचं काम?”

“झालं, बाबा. उभा थरथरणारा प्रकाश एका वाटेने जातो, आडवा दुसरीने.”

“मग तोंड का पाडून बसलीस?”

“दमलेय. वाटा वेगळ्या करणारं ते उपकरण जरा आखूड केलं की दोन्ही प्रकाश पुन्हा एकमेकांत मिसळायचे. दोन वर्षं हेच.”

“आईच्या शेवटच्या दिवसांतही हेच चाललं होतं तुझं.”

“हो, बाबा.”

“असो. पण लहान झालं ना?”

“केसाच्या जाडीपेक्षाही. चिपवर चांगली जागा वाचली.”

“तिथे काय बसवलं मग?”

“कंपनीचं नाव.”

“दिसतं तरी का?”

“नुसत्या डोळ्यांना नाही दिसत, बाबा.”