पाच माणसांचा ड्रायर

…नाही, आता तुम्हीच मला सांगा, कपडे वाळवायचं मशीन घ्यायला दुकानात गेलेल्या माणसाला ‘घरात माणसं किती?’ हे विचारायचं काय कारण? मी काय जनगणनेला उभा होतो? मी आपलं सरळ विचारलं, की बाबा रे, या सगळ्यांत वीज कोण कमी खातो, तेवढं दाखव. तर तो दुकानातला टायवाला… तुम्हाला सांगतो, पोरगा चुणचुणीत, पण एका वाक्यात तीन वेळा ‘सर’! ‘‘सर, ते सांगतो ना सर, पण आधी घरात माणसं किती सर?’’

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो. मी आयुष्यभर वीज कंपनीत मीटर वाचले. दारोदार हिंडायचं, ‘मीटर!’ म्हणून आरोळी ठोकायची, की दार उघडलंच! कुणाच्या घरात भांडण रंगलेलं, कुणाचं बाळ रडतंय, कुणी पाणी विचारतंय, कुणी बिलावरून माझीच खरडपट्टी काढतंय… पण दारं उघडायची हो! आणि जन्मभर असे आकडे बघितल्यावर विजेची काटकसर माणसाच्या अंगात मुरते. आमची ही म्हणायची, ‘‘तुम्ही स्वप्नसुद्धा दिवा बंद करून बघता!’’ असो. ही गेली. लेक लग्न करून लांब गेली. दर रविवारी फोन करते, ‘‘बाबा, जेवलात? औषध घेतलंत? बरं, ठेवते हं.’’ संपला रविवार.

मग एकट्याला ड्रायर कशाला? हेच विचारणार ना तुम्ही? दोरी होती की! दोरीला वीज शून्य! पण दोरीला एक खोड असते, तुम्हाला सांगतो. दोरी चुगली करते! आमच्या बाल्कनीत दोन दोऱ्या. ही होती, लेक होती तेव्हा चिमटे पुरायचे नाहीत, त्यावरून घरात युद्ध. मग एकच दोरी पुरायला लागली. मग तीसुद्धा अर्धीच. एक शर्ट, एक पॅन्ट, एक टॉवेल. आणि समोरच्या इमारतीतून हे सगळं दिसतं! समोर एक नर्सताई राहतात, नवरा आणि दोन मुलं, त्यांच्या बाल्कनीत कपडे इतके की आत उजेड पोचतो की नाही कोण जाणे. एक दिवस त्या तिकडून ओरडल्या, ‘‘काका, आज एवढेच कपडे? बरं नाही का?’’ बघा! न विचारता मोजायला लागले लोक, घरात माणसं किती!

मग मी काय केलं… हसू नका हं… कपाटातल्या धुतलेल्या, घडी केलेल्या चादरी काढल्या, पाण्यात बुचकळल्या आणि घातल्या वाळत! उशांचे अभ्रे घातले, पडदे घातले, हिचा एक निळा गाऊन घातला. काय ऐट आली बाल्कनीला! तेवढ्यात समोरून, ‘‘काका, पाहुणे आले वाटतं?’’ मी म्हटलं, ‘‘हो हो, आलेत.’’ ‘‘किती जण?’’ पुन्हा तेच! ‘‘आहेत चार-पाच,’’ म्हटलं. झालं, संध्याकाळी बाई केक घेऊन दारात! एवढा मोठा! ‘‘कुठायत पाहुणे?’’ म्हटलं, ‘‘झोपलेत.’’ ‘‘सगळे?’’ ‘‘दमलेत हो प्रवासानं…’’ तो केक मी एकट्यानं संपवला, शेवटचे तुकडे तर चहात बुडवूनसुद्धा मऊ होईनात. तेव्हा कानाला खडा लावला. म्हटलं, बस झाली दोरी. आता ड्रायर. ड्रायरला दार असतं! आत काय आहे, किती आहे, कुणाचं आहे, कोण बघतंय?

तर गेलो दुकानात. टायवाला म्हणतो, ‘‘सर, हा पाइपवाला, गरम हवा बाहेर फेकतो सर.’’ म्हटलं, पैसे मोजून तापवलेली हवा गल्लीला वाटायची? पुढे चल. ‘‘हा पाणी डब्यात साठवतो सर, पण वीज बऱ्यापैकी खातो.’’ पुढे चल. ‘‘मग सर, हा घ्या हीट पंपवाला. तीच हवा आतल्या आत फिरवतो, पुन्हा पुन्हा तीच वापरतो, बाहेर जाऊच देत नाही. वीज एकदम कमी सर!’’ मी म्हटलं, अरे, हे तर मी घरी करतोच की! दारं-खिडक्या लावून दिवसभर तीच हवा! ‘‘फक्त सर… याला वेळ जास्त लागतो.’’ आणि हे तो असं तोंड पाडून सांगत होता, जशी काही माझी गाडी सुटत होती! वेळ? अरे बाबा, वेळ म्हणजे माझ्याकडे… जाऊ दे. म्हटलं, ‘‘हाच दे.’’ ‘‘देतो सर. घरात माणसं किती?’’

तुम्हाला सांगतो, ‘एक’ हा काय फार मोठा शब्द आहे? पण काय सांगू… आजूबाजूला जोडपी उभी, पोरं मशीनच्या दारातून डोकी आत घालतायत, कुणाची आई ओरडतेय… आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘पाच.’’

‘‘वा सर! भरलेलं घर! मग तुम्हाला नऊ किलोचा!’’ आणि पावती फाडून झाल्यावर हळूच काय म्हणतो, ‘‘सर, हा भरून चालवायचा हं. वरचे पाच स्टार भरलेल्या मशीनचे आहेत. दोन शर्ट टाकून चालवला तर वीज सगळी वाया.’’

झाली का पंचाईत! आलं मशीन घरी. टाकले दोन शर्ट. त्याच्या पोटात सेन्सर असतो, तो कपडे ओले आहेत का ते चाचपतो… आणि त्या बिचाऱ्याला कपडे सापडेचनात! एवढ्या मोठ्या खोलीत दोन शर्ट, कुठे शोधणार? फिरला, फिरला, कंटाळून थांबला. शर्ट ओलेच! बरं, भरून चालवायचं तर कपडे साठेपर्यंत थांबायला हवं. आणि साठेपर्यंत मी अंगात काय घालू, पडदा?

पण एकदा काय झालं, आठवडाभर आभाळ भरलेलं, ऊन नाही, वारा नाही. समोर नर्सताईंच्या दोऱ्या वाकलेल्या, आणि त्या आपल्या युनिफॉर्मच्या बाहीवर फुंकर घालतायत! कामावर जायचं ना! मी इकडून ओरडलो, ‘‘ताई, आणा इकडे!’’ आणि काय सांगू तुम्हाला… दोन बादल्या, दोन मुलं आणि ताई, माझ्या दारात! मशीन भरलं, आणि त्याचा आवाजच बदलला हो, जेवून उठलेल्या माणसासारखा. धाकटी काचेसमोर मांडी ठोकून बसली, ‘‘तो बघा माझा मोजा! गेला! आला! परत गेला!’’ थोरला मला विचारतो, ‘‘आजोबा, मीटर कसा वाचायचा?’’ मला! ताई म्हणाल्या, ‘‘काका, तुमच्याकडे किती शांत आहे हो.’’ मी म्हटलं, ‘‘हो ना. फार.’’ मग लव अडकते तो फिल्टर काढला. माझ्या कपड्यांची लव म्हणजे राखाडी, चिमूटभर. त्या दिवशी मूठभर निघाली, लाल, निळी, पिवळी! मी ती टाकलीच नाही… म्हणजे टाकली, पण दोन दिवसांनी.

मग शनिवार ठरूनच गेला. पण मशीन थांबलं की त्या उठायच्या. बादल्या भरल्या, ‘‘येते काका,’’ दार बंद, आणि पुन्हा ते शांत. आणि एका शनिवारी… मशीन थांबलं. ताई बाहेरच्या खोलीतून विचारतात, ‘‘झाले का हो काका?’’ मी आत हात घातला. कडकडीत वाळलेले! गरमागरम! आणि मी काय म्हणतो? ‘‘नाही हो, अजून ओले आहेत. बसा!’’ आणि दाबलं की बटण पुन्हा! मी! ज्यानं उभ्या आयुष्यात एक युनिट वाया घालवलं नाही त्या माणसानं वाळलेले कपडे पुन्हा वाळवले! पुढच्या शनिवारी तर दोनदा! पाच स्टारचं मशीन, त्याचे चार स्टार मी या हातानं खुडले.

पण असं किती दिवस चालणार? धाकटीचा स्वेटर इतका आटला, इतका आटला, की तिनं तो बाहुलीला घातला. ताई म्हणाल्या, ‘‘काका, तुमचं मशीन बिघडलंय हो. वेळ तर खातंच, वर कपडे आटवतं. आम्ही आता आमचंच घेतो. तुम्ही चला ना दुकानात, तुम्हाला विजेतलं कळतं.’’ आता मशीन ठणठणीत आहे म्हणावं, तर मग बिघडलंय कोण? गेलो गुमान.

टायवाला लांबूनच ओरडला, ‘‘अरे सर! पाच माणसांचं घर! काय म्हणतायत घरचे सगळे?’’ तुम्हाला सांगतो, ताई माझ्याकडे बघतायत, मी एका फ्रिजकडे बघतोय. फ्रिजमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. आणि ताई अगदी शांतपणे त्याला म्हणाल्या, ‘‘मजेत आहेत सगळे. झोपलेत. दमलेत ना जरा.’’ बस. मला भरून आलं हो, भर दुकानात, त्या सगळ्या फ्रिजांच्या देखत.

टायवाल्याचं आपलं चालूच, ‘‘मॅडम, तुमच्या घरात माणसं किती?’’ ताई म्हणाल्या, ‘‘चार. आणि शनिवारी काका येतात.’’ मी म्हटलं, ‘‘मी?’’ ‘‘मग? तुमचं बिघडलंय ना? तुमचे कपडे आता आमच्याकडे आणायचे.’’

आता मला सांगा, यानंतर माणूस पेटणार नाही? मी त्या दुकानातलं एकेक मशीन उघडलं, एकेक स्टिकर वाचलं, टायवाल्याला घाम फोडला! ‘सर’ म्हणायला त्याला उसंत दिली नाही! आणि शोधून काढलं एक, अगदी नवीन निघालेलं. कपडे आधी स्वतः तोलतं, जेवढे कपडे तेवढाच वेळ चालतं, एक युनिट फुकट नाही! म्हटलं, ‘‘ताई, डोळे मिटून घ्या. माझा शब्द आहे.’’ घेतलं त्यांनी.

तर आता दर शनिवारी मी पिशवीत माझे दोन शर्ट घालून त्यांच्याकडे जातो. तिकडे काय गडबड असते! थोरल्याचा गृहपाठ, धाकटीचा पसारा, नवरा ‘माझी चावी कुठाय’ करत घरभर हिंडतोय… ताई म्हणतात, ‘‘बसा काका, चहा टाकते.’’ मी टेकतो. आता कुठे थोरल्याला मीटरचं सांगायला तोंड उघडतोय, चहाला अजून उकळीसुद्धा नाही, आणि आतून… टिंग! धाकटी धावत येते, ‘‘आजोबा, झाले तुमचे!’’ शर्ट हातात! कोरडे! आता कोरडे शर्ट हातात घेऊन किती वेळ बसणार हो माणूस? चहा उभ्याउभ्याच घ्यायचा आणि निघायचं.

आणि एवढं झटपट मशीन त्यांना निवडून दिलं कुणी? मीच की हो!