काढा कुंडीला, झोप मला

काष्ठौषधींच्या दुकानापुढच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हातारे मित्र उभे होते.

"परत जटामांसी? झोपेच्या काढ्याला गेल्या महिन्यातच नेली होतीस ना?"

"संपली. सूनबाई रोज काढा करून देते."

"म्हणजे गुण आला म्हण की!"

"कसला गुण! कडूजहर असतो. तिची पाठ वळली की कुंडीत ओततो."

"आणि झाड?"

"त्याने मान टाकलीय."

"मग तुझ्या झोपेचं काय?"

"मस्त लागते! काढा दिल्यावर थोड्या वेळाने सूनबाई दारातून डोकावते. तेव्हा मी डोळे मिटून घोरायचं सोंग करतो. सोंग करता करता खरंच डोळा लागतो."

"अरे, मग ही पुडी कशाला घेतोस?"

"काढाच बंद झाला, तर ती डोकावायला कशाला येईल?"