गाडीला आवतन

न्हाई, तितं नगा हुबं राहू भाऊ, अंगावर पानी उडंल. हिकडं लिंबाच्या सावलीत या, ती खुर्ची वढा. आन् त्यो मोबाईल ऱ्हाऊ द्या की खिशात जरा — म्हातारं कुटं पळून चाल्लंय का? झोपलंय आत. उठलं की सांगतो. तवर हे बगा, आलाच हायात तर. दोन बादल्या लागत्यात — एकीत साबन, एकीत निस्तं पानी. ह्यो हातमोजा साबनात बुडवायचा, एक पट्टा पुसायचा, मंग साध्या पान्यात खळबळायचा, मंगच परत साबनात. कावून? तर मोज्यात अडकलेली माती परत गाडीवर फिरली की रंगावर वरखडे. आन् वरून खाली यायचं, खालून वर न्हाई. चाकाची चिंधी येगळी. कपडे धुयाची पावडर तर बिलकुल न्हाई. शिवकन्या, म्हंजे मपली बायकू, ती म्हनती, लेकराला आंघूळ घालताना इतकं जपलं न्हाई तुमी. खरं हाय त्ये.

अठ्ठ्यान्नव सालची हाय ही. दोनच दारं, दोनच मान्सं बसत्यात, मागं तर एक गोनी बसत न्हाई. पुन्यात गॅरेजला हुतो म्या बारा वर्सं, तितं कोपऱ्यात पडली हुती, इंजनात उंदरांनी घर केलतं. मालक म्हनला, ने बाबा, जागा तर मोकळी हुईल. टेम्पोत घालून हितं नांदूरघाटला आनली आन् चार वर्सं खपलो, एकेक नट धुंडून आनला. गावानं नाव ठिवलं — अजिनाथची चप्पल. चपटी दिसती ना, आन् आत बसायचं म्हंजे पाय आदी घालावा लागतोय. हासा, हासा, आमीबी हासतो. चालू करून दावू का? आवाज ऐकन्यासारखा हाय. नगं? बरं. सारखं दाराकडंच कावून बगायलात, भाऊ? सांगितलं ना, झोपलंय.

चिंधीला पांढरं लागलं म्हनून बगायलात व्हय? घाबरू नका, रंग जुना हाय, थोडाथोडा सुटतोय. म्हनून तर धुऊन झालं की हे मेन लावायचं, ह्या डबीतलं. गावात हेला मलम म्हनत्यात. बोटभर घ्यायचं, गोल गोल फिरवत पातळ लावायचं, वाळून धुरकट झालं की पुसून काढायचं. मंग बगा, लिंबाचा पाला मोजून घ्या त्याच्यात. दर आयतवारी करतो. ध्यान लागल्यावानी हुतं, डोस्क्यात काय येत न्हाई — म्हंजे येऊ नये म्हनूनच करतो, आता तुमाला काय सांगायचं. हां? व्हय, त्यो व्हिडिओ हितलाच. ह्याच लिंबाखालचा. कुनी टाकला म्हंजे? पुन्याच्या एका दोस्तानं टाकला. तीन लाख लोकांनी बगितला म्हनं. तुमीबी त्योच बगून आलाव ना बीडवरून? मंग. आन् उद्या पोळा, म्हनून आजचा मुहूर्त धरलाव. चांगलं हाय, तुमचं बी चॅनल चाललं पायजे.

तुमी शहरात वाढलेले, तुमाला खांदमळन ठावं हाय का? नसंल. पोळ्याच्या आदल्या दिशी, दिस कलला की बैलाचे खांदे मळायचे. वरीसभर जू वढून खांदा निबर झाल्याला असतोय ना — लोन्यात हळद कालवायची आन् दोन्ही खांद्यांना हळूहळू चोळायची. आन् मंग हात जोडून बैलाला म्हनायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. आवतन म्हंजे जेवनाचं बोलावनं. घरातलाच बैल, दावनीलाच बांधल्याला, पर त्येला पाव्हन्यावानी बोलवायचं. तात्या, म्हंजे मपले वडील, उत्तरेश्वर नाव त्येंचं, त्येंनी साठ वर्सं ह्ये केलं. एक पोळा चुकला न्हाई. गेल्या उन्हाळ्यात, म्हंजे गेल्याच्या गेल्या, आमचा शेवटचा बैल हरन्या म्हातारा हून मेला. तात्यांचे गुडघे गेलेले, दुसरा बैल घेऊन काय करनार? दावन रिकामी. म्या म्हनलं बरं झालं, शेनघान गेली. आसं मोठ्यानं म्हनलो म्या. त्येंच्यापुढं.

मंग आला पोळा. मागल्या वर्साचा, त्येच्या आदला दिस. पुन्यावरून माझे दोस्त यायचे हुते, तीन गाड्या, सगळ्या आशाच जुन्या, चपट्या, आन् पाच पोरं. म्या पहाटंपासून हितं. धुतली, मेन लावलं, पुसली, परत लावलं. पांढरी फेक, उनात बगवंना. दिस कलायला लागला तसा फोन आला — रस्ता चुकलाव म्हनून. मोटरसायकल काढली आन् फाट्यावर गेलतो त्येंना आनायला. अर्ध्या तासाचं काम. आलो तर तात्या गाडीपुढं हुबे. ह्या बगा, ह्या हितं, पुढच्या दोन्ही चाकांच्या वर, ह्यो फुगीर भाग हाय ना? खांद्यावानीच दिसतोय की न्हाई? तितं दोन्हीकडं हळद-लोनी. जाड. पिवळं धमक. मधी कुकवाचा टिळा. आन् हात जोडून, डोळे मिटून म्हनायलेत, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या.

पोरं हासली. आता पोरंच ती, हासनारच, त्येंची चूक न्हाई. एकानं मोबाईल काढला. म्याबी हासलो आदी. मंग एकजन इंग्रजीत काय तरी बोलला आन् सगळे परत हासले, आन् मला समजलं न्हाई काय बोलला त्ये — तितं मपल्या आंगात आग लागली बगा. वाटलं, मला हासायलेत. म्हनलो, अक्कल हाय का तात्या? बैल हाय का ही? सात पिढ्यांत कुनी बगितली का आसली गाडी? रातच्याला शिवकन्या मला म्हनली, सात पिढ्यांत तुमीबी आलाव की. तात्यांनी डोळे उगडले. हात आसे पुढं, पिवळे. म्हनले, चुकलं बाबा, पुसतो. आन् डोक्याचा फेटा सोडून त्याच्या शेवानं पुसाय लागले. म्या फेटा हिसकला. हातातून वढला आन् म्हनलो, हात लावू नगा गाडीला. पाच पोरांपुढं. पंच्याहत्तर वर्सांचा मानूस, उगड्या डोक्यानं घरात गेला.

न्हाई, त्ये व्हिडिओत न्हाई. तितवर न्हाईच त्यो. म्या कापला त्यो भाग.

…

हां. म्याच. दोस्तानं टाकला म्हनलो मगाशी, खोटं हाय त्ये. त्येनं मला पाठिवला हुता निस्ता. म्या बसून कापला, हासायचा तेवढा ठिवला, वर लिहिलं — आमच्या म्हाताऱ्याला गाडी आन् बैल एकच. आन् टाकला. मपल्या गाडीचं फेसबुकवर पान हाय ना, त्येच्यावर. धुयाचे व्हिडिओ टाकायचो तवा चाळीस-पन्नास लोकं बगायची. ह्यो टाकला आन् दोन दिसांत — जाऊ द्या. बरं वाटलं हुतं मला. लाज वाटती सांगायला, पर बरं वाटलं हुतं, भाऊ. दर घंट्याला उगडून बगायचो.

आन् हळद? हळदीचं काय झालं सांगू? साबनानं न्हाई निघाली, राकेलनं न्हाई निघाली, म्या हैरान. शिवकन्या म्हनली, उनात लावा. चार दिसांत उडाली, डागसुदीक न्हाई. लुगड्यावरची हळद उनात उडती हे गावातल्या कोन्त्याबी बाईला ठावं असतंय. मला ठावं न्हवतं. चार दिस थांबलो असतो तर — पर थांबतंय कोन.

व्हिडिओ बाजारात गेला. मंगळवारच्या बाजारात मान्सं इचारू लागली, तात्या, मोटरसायकलला आवतन दिलं का? तात्या, आमच्या गिरनीलाबी हळद लावून जावा. गमतीनंच. पर तात्यांनी बाजार सोडला. पारावर जानं सोडलं. शेतात जायाचं तर मागल्या दारानं जात्यात, हिकडून न्हाई, गाडीवरून जावं लागतंय म्हनून. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवी न्हाई. मला काय म्हनत्यात ठावं हाय का? जल्मापासून म्या अज्या. ये बे अज्या, जेव बे अज्या, मेला का बे अज्या. आता — अजिनाथराव, जेवून घ्या. अजिनाथराव, तुमचा फोन वाजायलाय. तुमी-आमी करत्यात भाऊ, पोटच्या पोराला! जावयाला बोलत्यात तसं. वरीस झालं. ताटावर बसलो आन् त्येंनी तुमी म्हनलं की उठून हितं येतो आन् बादली भरतो. आता समजलं, दर आयतवारी कावून धुतो त्ये?

आन् खरं सांगू? त्येंना अक्कल हुती. मलाच न्हवती. मायनं सांगितलं मागून, व्हिडिओच्या म्हैन्याभरानं. पोळ्याच्या आदी, त्याच वर्सी उन्हाळ्यात तात्यांच्या छातीत कळ आलती, भर दुपारची. गावात एक गाडी जाग्यावर न्हवती, सगळ्या लग्नाला गेल्याल्या. म्या तात्यांना उचलून ह्या सीटवर टाकलं, सीट जमंल तितकी आडवी केली आन् अंबाजोगाईला नेलं. म्या ध्यानातबी ठिवलं न्हाई त्ये, गाडी चांगली पळाली इतकंच सांगत फिरलो गावात. पर तात्या मायला म्हनले हुते, मनकर्ना, हरन्या गेला आन् हिनं मला वढून आनलं. तिचा खांदा मळायला पायजे. आसं म्हनले हुते. इचार करून केलतं त्येंनी. घरातल्या जनावराला देतोय त्यो मान दिला मपल्या गाडीला, आन् म्या —

पानी घेता का? न्हाई? मला घिऊ द्या घोटभर.

तुमाला कावून बोलावलं म्हंजे? तुमीच फोन केलता की. म्या या म्हनलो, ह्ये खरं. त्येचंबी सांगतो आता, लपवून काय उपेग. मपल्या मनात आलतं, क्यामेऱ्यापुढं माफी मागावी. तात्यांचे पाय धरावे, तीन लाखांनी त्ये बगितलं तर हेबी बगतील, बाजारात त्येंची मान वर हुईल. शिवकन्येला सांगितलं तर ती म्हनली, पाय धरायला क्यामेरा कशाला लागतोय? घरातल्या घरात आठ पावलांवर म्हातारं बसल्यालं हाय. काय सांगनार तिला? आठ पावलं वरीसभर चाललो न्हाई म्या. तुमी आलाव तर चालीन, आसं वाटलं. खामखा तुमाला हेलपाटा. आन् झोपलं बी न्हाई म्हातारं. जागं हाय. म्या सांगितलंच न्हाई त्येंना तुमी येनार म्हनून, धाडसच झालं न्हाई. मायला कळलंय फोनवरून, पर तात्यांना —

थांबा. कडी वाजली.

पुढल्या दारानं यायलेत. भाऊ, पुढल्या दारानं यायलेत ओ! वरीस झालं, ह्या दारातनं — फेटा बांधलाय बगा. धुतल्यालं धोतर. आन् हातात वाटी हाय, ती — हळदच हाय ती. बगा, आपल्या मनानं आले, कुनी बोलवायला गेलं न्हाई. सावकाश, तात्या, पायरी वली हाय. मोबाईल नगा काढू भाऊ. नगा काढू म्हनतो ना, आता न्हाई, निस्तं बसून ऱ्हावा — तात्या, या, या. धुऊन तयार हाय बगा, तुमचीच वाट — काय?

काय म्हनलाव?

…

ऐकलं का भाऊ तुमी? म्हनत्यात, कुटं हुबा ऱ्हाऊ, अजिनाथराव. मायनं सांगितलं म्हनं, तुमाला परत त्योच व्हिडिओ काढायचाय म्हनून. मागल्या वक्ताला नीट झालं न्हाई, आवंदा नीट करतो म्हनत्यात. कुनीकडं तोंड करू, म्हनत्यात.

खाली ठिवा त्यो मोबाईल. खाली ठिवा, आन् जावा तुमी. बीडची गाडी फाट्यावर भेटंल. न्हाई, एक फोटोबी न्हाई. जावा म्हनलं ना!

तात्या, वाटी द्या हिकडं. तात्या — कुटंच हुबं राहू नगा तुमी, कुटंच न्हाई, बसा —