विसरलेली फणी

अक्कलकोट नाक्यावर एसटीच्या रांगेत माझ्यामागं दोन बायका उभ्या होत्या.

"निंगव्वा, माहेरला निघालीस? मग मालकांचं कोण बघायचं?"

"जाऊ बघंल. चिंचेवरनं पडून त्यांचं पाय गेलं तवापासनं मीच बघतेय की, सोजरबाई. मी आणि कुत्रं."

"कुत्रं काय करतंय?"

"मी विड्या वळाय कारखान्यात जाते, तितं मला बोलवाय येतंय. तोंडात पेला असला की मालकांना पाणी पायजे. ताटली असली की भूक लागली."

"लई शाणं हाय की!"

"शाणं कसलं! काल नऊ येळा आलं. शेवटच्या खेपंला तोंडात काय बी न्हाय. मला वाटलं, मालक पडलं. विड्या टाकून पळत गेले."

"मग?"

"म्हणालं, उगंच बोलावलं, तुला बघावं वाटलं. डोस्कंच फिरलं माजं. म्हणलं, आता बसा आठ दिस बघत."

"निंगव्वा, ते पलीकडनं येतंय ते तुमचंच कुत्रं का?"

"आमचंच की! हितवर आलं व्हय?"

"तोंडात काय हाय गं?"

"माजी फणी. घरीच इसरले व्हते."

"म्हंजे मालकांनी धाडली. घे आणि चल, गाडी लागली."

"कुत्र्याला यष्टीत घेत न्हाईत."

"त्याला कशाला न्यायचं? आलं तसं जाईल घरला."

"एकटं? रस्त्यावर मोटारी किती हायत!"

"येताना एकटंच आलं की."

"तू जा, सोजरबाई. मी जाते घरला. कुत्र्यापायी."