त्या टेबलावरचं यंत्र तिथंच राहू द्या

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आमच्या कार्यालयाचे मुख्य अधिकारी, प्रमुख पाहुणे म्हणून अगत्याने आलेले आमचे आधीचे साहेब, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, तक्रार कक्षातले माझे सहकारी, आणि हातातली कामं टाकून इथं येऊन बसलेल्या बंधुभगिनींनो,

कुणाचा उल्लेख राहिला असेल तर रागावू नका. व्यासपीठावर कोण कोण आहे ते वहिनींनी माझ्या कानात सांगितलं, तेवढ्याच भरवशावर मी बोलते आहे. वहिनी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई. सगळं ऑफिस त्यांना वहिनीच म्हणतं. मला जन्मापासून दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आज काही नवी मंडळीही आहेत, म्हणून सांगितलं.

मघापासून माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या निरोप समारंभाला तर येऊन बसलो नाही ना! तत्पर काय, चपळ काय! चपळ हा शब्द माझ्या वाट्याला येईल असं एकेकाळी कुणाला वाटलं असतं का? मला स्वतःला तरी वाटलं असतं का?

माझं काम साधं. नळाला पाणी आलं नाही, रस्त्यात पाइप फुटला, की लोक फोन करतात. मी ऐकायचं, कॉम्प्युटरवर तक्रार नोंदवायची, आधीच्या तक्रारीचं काय झालं ते बघून सांगायचं. बघून म्हणजे ऐकून. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम माझ्या एका कानात बोलतो, आणि दुसऱ्या कानात फोनवरचा माणूस. तो माणूस बहुधा चिडलेलाच असतो. कोरड्या नळासमोर उभं राहून गोड बोलणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

तर, माझा कॉम्प्युटर मधेच गप्प व्हायचा. तुमचाही होत असेल. पण तुम्हाला निदान पडद्यावर फिरणारं चक्र दिसतं, कळतं की बाबा काहीतरी चाललंय. माझ्या कानात नुसती शांतता. बटण दाबलं गेलं का? तक्रार गेली की पुसली? यंत्र बंद पडलं की काय? मी पुन्हा दाबायची, पुन्हा दाबायची, आणि ते जागं झालं की दाबलेली सगळी बटणं एकदम कामाला लागायची. एकाच घरची तक्रार तीन-तीनदा नोंदली जायची. पलीकडून आवाज यायचा, "बाई, झोप लागली का?"

वरपर्यंत बोभाटा झाला. आज पाहुणे म्हणून बसलेल्या साहेबांनी मला बोलावून घेतलं, शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "काळजी करू नका, तुम्हाला नवीन सामान देतो." आणि माझ्या टेबलावर काय आलं असेल? ऑफिसातला सगळ्यात मोठा मॉनिटर! हसा, हसा. साहेब स्वतःच हसताहेत, मला ऐकू येतंय. वहिनी म्हणाल्या, "अहो, काय झकास दिसतंय चित्र!" मी म्हटलं, "मग घ्या वळवून तुमच्याकडे." तो अजूनही त्यांच्याकडेच तोंड करून आहे.

पण पुढे गंमत राहिली नाही. नवीन सामान दिलं तरी काम हळूच, मग दोष कुणाचा? माझाच. मला कक्षातून काढून दाराजवळच्या स्वागताच्या टेबलाशी बसवायचं जवळजवळ ठरलं. येणाऱ्याला नमस्कार करायचा आणि महिनाअखेरी पगार घ्यायचा. आणि सगळ्यात वाईट सांगू? मला ते पटलं होतं. मी माझ्या थोरल्या बहिणीला म्हटलं, "ताई, माझं डोकंच मंद चालायला लागलंय गं." ती म्हणाली, "काहीतरीच काय बोलतेस!" पण तिचाही आवाज पडलेला होता.

मग एकदा साहेब माझ्या टेबलापाशी आले, त्यांचा पाय वायरीत अडकला आणि माझ्या हेडफोनची पिन निसटली. कानातला आवाज खोलीभर ऐकू यायला लागला. "तक्रार क्र... क्र..." आणि गप्प. सगळी खोली थांबली. कुणीतरी विचारलं, "पुढे?" मी म्हटलं, "पुढे असंच. दिवसभर." मग साहेबांनी तिथूनच कॉम्प्युटर विभागाच्या इंजिनिअरांना फोन लावला.

इंजिनिअरांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे सामानाची कोठी. माझा ओटा एवढासा. त्यावर तक्रारींचा प्रोग्राम, पाइपांचे नकाशे आणि शिवाय मला वाचून दाखवणारा तो, जो तुमच्यापैकी कुणाच्याच ओट्यावर नाही. जागा संपली की एक भांडं कोठीत ठेवायचं आणि दुसरं आणायचं. बरं, कोठीही जुनी, फिरत्या तबकडीची. तबकडी फिरणार, सुई सरकत सरकत जागा शोधणार. टेबलाखालच्या त्या डब्याची थरथर माझ्या गुडघ्याला लागायची.

त्यांनी आधी डिस्क बदलून एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. सकाळी बटण दाबून मी डब्यावर हात ठेवला, तर थरथर नाही, करकर नाही. मी ओरडले, "वहिनी, वीज गेली का हो?" तेवढ्यात कानात आवाज सुरू झाला. पण दुपारी सगळं उघडून बसले की तो पुन्हा अडखळायचा, कारण कोठीत पटकन जाता येत असलं तरी ओटा तेवढाच होता. मग रॅम वाढवली. त्यानंतर मात्र बटणावरचं बोट उचलायच्या आत उत्तर यायला लागलं.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन रडले. ताईला वाटलं, आनंदाने. आनंद कसला? मला संताप आला होता. इतकी वर्षं मी स्वतःला मंद समजत होते, आणि मंद होतं ते खोकं!

हे सगळं आज का सांगते आहे? सोमवारपासून माझ्या जागेवर एक मुलगी रुजू होते आहे. तीही माझ्यासारखीच कानाने वाचणारी. आणि परवा चहाच्या वेळी माझ्या कानावर आलं, की माझं यंत्र झकास चालतं म्हणून ते अध्यक्षांच्या केबिनमध्ये जाणार, आणि तिला अडगळीतलं जुनं मिळणार. माझ्यासमोर माणसं हळू बोलायचं विसरतात. "शिकाऊच आहे, चालून जाईल," असं ते बोलणं होतं. नाही हो चालणार! चूक आपली की यंत्राची, हे शिकाऊ माणसालाच तर कळत नाही. ती महिन्याभरात घरी जाऊन म्हणेल, माझं डोकं मंद आहे. आणि दरवेळी कुणाचा तरी पाय वायरीत अडकेलच असं नाही.

अध्यक्ष महोदय, हे तुमच्या अपरोक्ष ठरलं असणार, असं मी धरून चालते. निरोपाची भेट म्हणून काय आवडेल, असं तुम्ही मला विचारलं होतंत. मी तेव्हा संकोचले. आता सांगते. त्या टेबलावरचं यंत्र तिथंच राहू द्या. आणि महोदय, नुसती मान हलवून भागायचं नाही. तोंडाने सांगा.

...

"राहील" म्हणालात, ऐकलं मी. मागच्या रांगेत पोहोचलं का? पोहोचलं म्हणताहेत. मग माझी काही मागणी उरली नाही.

तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळून घेतलंत, माझ्यावर रागावलात, माझ्यासाठी धावपळही केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पाहुण्यांची मी भर सभेत थट्टा केली, अध्यक्षांना कोंडीत पकडलं. अधिकउणं बोलले असेन तर पदरात घ्या.

आणि पोरी, तू आज वडिलांबरोबर आली आहेस असं वहिनी म्हणाल्या. सोमवारी ये, बिनधास्त बस. कधी कानातला आवाज थांबला, तर आधी कॉम्प्युटर विभागाला फोन लाव. स्वतःला बोल लावू नकोस.