प्रयोगशाळेतली माझी ड्युटी

हसता काऊन बे? मी बी प्रयोगशाळेत ड्युटी केली हाये. पंच्याऐंशी सालच्या सुमारास माझी पोरगी सुनंदा हैद्राबादेत फ्लोरिनच्या औषधांवर संशोधन शिकत होती. वर्षभर घरी आली नाई, म्हणून सिंदेवाहीहून मीच गेलो. तिच्या कामातलं ॲसिड काचही खाते, म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत. त्याच्यापाशी एकट्यानं काम कराचं नाई असा तिथला कायदा, अन् नेमकी तिची जोडीदारीण तापानं पडली.

तिचे साहेब तिला म्हणाले, "आज बंद ठेव."

"सर, माझे बाबा बसतील."

"मी चौथी नापास हावो," मी म्हनलो.

"वाचाचं नाई, बाबा. फक्त माझ्याकडं पाहाचं. हातावर थेंब पडला त ओरडाचं, नळ सोडाचा अन् हा मलम चोळाचा."

साहेबानं 'बरं' म्हणून मान हलवली. मी चष्मा पुसून स्टुलावर बसलो. तीन तास पोरगी त्या बाटलीवर वाकून काम करत होती, अन् मी तिच्यावरून नजर काढली नाई.

शेवटी तिनं हातमोजे काढले. "झालं, बाबा. चला, तुमची गाडी सुटन."

मी म्हनलो, "दुसरी बाटली नाई का आज?"