बरणीला कोणी मदत करायची नाही

सुझुना : बाबा, माझ्या वर्गातल्या हानाए आणि रिओनं पैज लावलीय म्हणून विचारते, रागावायचं नाही. यंदा माझ्या सुट्टीच्या प्रयोगात तुम्हाला कितवा नंबर हवाय?

बाबा : मला?

सुझुना : मागच्या उन्हाळ्यात तुमच्या बाटलीतल्या ढगाला रुपेरी पदक मिळालं. यंदा सोनेरीची तयारी दिसतेय.

बाबा : माझा ढग कसला? बाटली तूच दाबली होतीस!

सुझुना : दाबली ना. आत डासांच्या उदबत्तीचा धूर तुम्ही सोडलात, फोटो तुम्ही काढलेत, तक्ते तुम्ही रंगवलेत. अंगठा तेवढा माझा.

आई : पण काय सुरेख आला होता गं अंगठा!

बाबा : तू पण तिचीच री ओढ. परवा शाळा उघडतेय. कागोशिमातले निम्मे आईबाप आज हेच करत बसले असतील. आणि हिची सुट्टी गेली हवेचा दाब मोजायला बरणीच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणण्यात आणि त्यावर स्ट्रॉ चिकटवण्यात! शेवटी मीच जागून आलेख काढला. तीन रंगांत.

सुझुना : पाहिला. त्या गुरुवारी वादळ आलं, तर तुमच्या आलेखात स्ट्रॉ कशी शहाण्यासारखी खाली उतरलीय. माझी वर होती. बाहेर खिडक्या खडखडत होत्या आणि ही म्हणत होती, लख्ख ऊन!

बाबा : म्हणूनच दुरुस्त केलं. हवामान खात्याचे आकडे घातले. बाहेरचा दाब घटला की बरणीतली हवा फुगते, रबर वर येतं, स्ट्रॉचं टोक खाली जातं. साधं आहे. तुझी बरणी चुकली.

सुझुना : चुकली नाही हो. त्या दिवशी तुमचं ऑफिस बंद होतं. दिवसभर एसी अठरावर लावून लोळत होतात. गारठ्यानं बरणीतली हवा आकसली, रबर आत गेलं, स्ट्रॉ वर!

आई : अठरावर? मला अठ्ठावीस सांगितलं होतंत, अहो!

बाबा : आपण विज्ञानाबद्दल बोलतोय.

सुझुना : आणि मंगळवारी आभाळ स्वच्छ, तरी स्ट्रॉ तळाला. का? तर बाबांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं आणि आईनं एसी बंद केला. खोलीची भट्टी, बरणीतली हवा टम्म.

आई : एकटीसाठी कशाला जाळायची वीज?

सुझुना : बघा. आभाळातलं माझ्या बरणीला ओ की ठो कळत नाही. पण घरात रिमोट कोणाच्या हातात आहे, ते बरोब्बर सांगते.

बाबा : हे तू शाळेत मांडणार? आमचं भांडण?

सुझुना : भांडण कशाला म्हणायचं? स्थानिक हवामान म्हणू.

आई : हसू नकोस गं. पण... मी तरी काय हसतेय!

बाबा : हसा. मी हौसेनं करतो, तर माझीच थट्टा. फसलेल्या प्रयोगाला पदक कोण देणार?

सुझुना : मागच्या वर्षी पदक दिल्यावर कुरोइवा सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, बाटली पुन्हा दाबल्यावर ढग नाहीसा का होतो? मी नुसती अंगठ्याकडे बघत उभी. हानाए आणि रिओ तेव्हापासून मला ‘अंगठा’ म्हणतात.

बाबा : दाबल्यावर आतली हवा तापते, म्हणून. मला विचारायचंस ना.

सुझुना : तिथून ओरडून?

बाबा : ...बोलली नाहीस कधी.

सुझुना : तुम्ही इतके खूश होतात. पदक टीव्हीच्या वर टांगत होतात.

आई : स्टुलावर चढून. पडता पडता वाचले.

(सुझुना रिमोट उचलून दप्तरात टाकते.)

बाबा : अगं, तो कुठे?

सुझुना : ऐका दोघंही. माझं ठरलंय. सोमवारी मी माझीच बरणी नेणार, गुरुवारच्या लख्ख उन्हासकट. सरांनी काहीही विचारू दे. उद्या दुसरं वादळ येतंय. एसी दिवसभर अठ्ठावीसवर राहील, कमी नाही, जास्त नाही, बंदही नाही.

आई : आणि बाबांचा आलेख?

सुझुना : तो पदकाशेजारी लावू. खरंच छान काढलाय, बाबा. उद्या माझ्याशेजारी बसून बघा, हवं तर. फक्त बरणीला कोणी मदत करायची नाही.